जहाजांनी जोडलेले शेजारी
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला सांगितलं, "काका, पंधरा मिनिटं बोला. विषय कोणताही घ्या, फक्त पाणी, पार्किंग आणि मेंटेनन्स सोडून." हे तीन विषय सोडले तर आपल्या सोसायटीत बोलायला उरतं काय? म्हणून मी गच्चीवरच्या खोलीबद्दल बोलणार आहे. दर रविवारी सकाळी तिथून खरखर आवाज येतो, जिन्यात भुसा सांडतो, आणि नंतर कोणीतरी झाडू घेऊन गुपचूप तो भरतो, त्या खोलीबद्दल. तिथं आम्ही सात-आठ जण जहाजांच्या प्रतिकृती बनवतो.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात. पिंपळे गुरवात जहाजं कशाला? घाट उतरून समुद्र गाठायचा म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटर. जवळ पाणी म्हणावं तर पवनामाई, आणि उन्हाळ्यात तिच्यावर इतकी जलपर्णी असते की पाणी आहे हे विश्वासानं मानावं लागतं. पण मंडळी, जरा आजूबाजूला बघा. दापोडीहून किंवा कासारवाडीहून लोणावळा लोकल पकडली की शेवटच्या स्टेशनाजवळ आयएनएस शिवाजी आहे. नौदलाच्या इंजिनांचं शिक्षण तिथं 1945 पासून दिलं जातंय, तेही डोंगरावर. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, 1916 सालचं. तिथं बंदरांच्या मोठमोठ्या प्रतिकृती बांधतात, त्यात पाणी सोडतात, लाटा उठवतात, आणि धक्का कुठं बांधावा, गाळ कुठं साठेल हे आधी छोट्या बंदरात बघून घेतात. म्हणजे समुद्र लांब असला तरी समुद्राची छोटी आवृत्ती करण्याचं काम आपल्या पुण्याच्या पाण्यातच आहे. आम्ही काही वेगळं करत नाही.

आता दुसरी गोष्ट. आपण सगळे 2000 साली इथं राहायला आलो. बहुतेक जण कंपनीवाले. कोणी भोसरीला, कोणी पिंपरी-चिंचवडला, पुढं काही जण चाकणला. आपली एकमेकांशी ओळख कशी होती? "फर्स्ट शिफ्टला सहाच्या बसला असतात ते", "निळी स्कूटर कायम आडवी लावतात ते", "बी दोनशे चार". वीस वर्षं शेजारी राहून समोरचा माणूस कंपनीत नेमकं काय करतो हे आपल्याला ठाऊक नव्हतं. डबा, बस, शिफ्ट, ओव्हरटाइम यात विचारायला वेळच नव्हता. आणि रिटायर झाल्यावर विचारण्यात अर्थ वाटेनासा झाला, कारण ते काम तर संपलं होतं.

माझं म्हणाल तर मी तेहेतीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढली. दुसऱ्यानं केलेलं काम मोजायचं आणि 'रिजेक्ट' असा शिक्का मारायचा. रिटायर झाल्यावर घरात शिक्का मारायला कोणी तयार होईना. तेव्हा भाच्यानं प्लॅस्टिकच्या युद्धनौकेचं एक किट आणून दिलं. ते झालं, मग लाकडाकडे वळलो. हा छंद ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात सगळं प्रमाणावर चालतं. एकास बहात्तर हे प्रमाण घेतलं तर खरा सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. दीडशे फुटांचं जहाज पंचवीस इंचांचं होतं, टीव्हीखालच्या कपाटावर मावतं. मात्र त्या एक इंचाच्या माणसाला दारातून जाता आलं पाहिजे, शिडी चढता आली पाहिजे. तिथं फसवाफसवी चालत नाही. हा छंद सहसा एकट्याचा असतो. रात्री जेवणं झाली की दिवा लावून बसायचं, घरच्यांनी म्हणायचं "झोपा आता". मीही तसाच एकटा होतो.

मग 2017 ची दिवाळी आली. आपल्या पोरांनी ए विंगच्या मागे सिंधुदुर्ग केला होता, आठवतो का? माती, विटा, वर अळीव पेरलेलं, आणि भोवती प्लॅस्टिकच्या कागदावर पाणी. पुण्याच्या बाजूला दिवाळीत किल्ला करत नाही असं घर नाही, पण पोरं बहुधा सिंहगड, रायगड करतात. जलदुर्ग केला की पंचाईत होते. महाराजांनी 1664 मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला तो आरमारासाठी, आणि पोरांच्या किल्ल्याला मावळे होते, तोफा होत्या, वाघसुद्धा होता, पण एकही जहाज नव्हतं. मी माझं एक छोटं गलबत नेऊन पाण्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर तिथं दोन गलबतं!

दुसरं कोणाचं, हे पोरांना माहीत नव्हतं. मी ते उचललं, आमच्या खात्याच्या सवयीनं उलटंपालटं करून बघितलं. जोडावर लांबी भरलेली नव्हती, लाकडाला लाकूड नुसतं भिडलेलं होतं. आणि आतल्या प्रत्येक कोपऱ्याला बारीक गोलाई दिलेली होती. जहाजाला तशी गोलाई लागत नाही. ती लागते फाउंड्रीत. ओतकामाच्या वस्तूचा आतला कोपरा धारदार ठेवला तर गार होताना तिथं तडा जातो, म्हणून लाकडी पॅटर्न करणारा माणूस कोपरा गोल करतो. आयुष्यभर केलं की हाताला ते वळणच पडतं. मी बायकोला म्हटलं, "आपल्या सोसायटीत कोणीतरी पॅटर्नमेकर राहतो." तिनं विचारलं, "कशावरून?" मी म्हटलं, "कोपऱ्यावरून."

चार दिवसांत पत्ता लागला. डी विंग, तिसरा मजला. त्यांचं नाव आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण व्यासपीठावरून नाव घेतलेलं त्यांना कधीच आवडलं नाही, म्हणून मी त्यांना काकाच म्हणतो. सतरा वर्षं आम्ही एकाच गेटमधून ये-जा करत होतो. दार उघडलं, मी हातातलं गलबत पुढं केलं, आणि ते एवढंच म्हणाले, "या. चहा घेणार ना?"

काकांनी मला त्यांची फूटपट्टी दाखवली. वर एक फूट असं लिहिलेलं, आणि माझ्या पट्टीशेजारी ठेवली तर ती जवळजवळ एक अष्टमांश इंचानं मोठी! मी म्हटलं, ही तर रिजेक्ट आहे. ते हसले. बिडाचा रस गार होताना साधारण शंभरात एक एवढा आकसतो, म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी ही मुद्दाम मोठी केलेली पट्टी असते. तेहेतीस वर्षं मी तयार माल मोजला, पण तो माल ज्या पट्टीतून जन्माला येतो ती पट्टी पहिल्यांदा डी विंगमध्ये पाहिली.

तिथून पुढं माणसं मिळत गेली, आणि प्रत्येक माणूस आपल्या हातातलं काहीतरी घेऊन आला. सी विंगमधले आमचे रत्नागिरीकडचे स्नेही. त्यांचे आजोबा तांडेल होते. हे स्वतः जन्मभर बँकेत, पण शब्द सगळे तोंडावर. आम्ही 'पुढचं टोक' म्हणायचो, ते म्हणायचे, "अहो, टोक काय म्हणता, त्याला नाळ म्हणतात." डोलकाठी सरळ नसते, पुढं झुकलेली असते, हे त्यांनी डोळे मिटून हातानं दाखवलं. लहानपणी जे पाहिलं ते त्यांच्या हातात राहिलं होतं.

मग फॉल-पिकोच्या वहिनी. सोसायटीतल्या निम्म्या साड्या त्यांच्या हाताखालून गेल्यात. आमच्या जहाजाचे दोर बघून त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या दोऱ्याला लव आली आहे. मेण लावा." मधमाश्यांच्या मेणावरून दोरा ओढला की लव बसते, गाठ पक्की राहते, धूळ धरत नाही. जगभरचे जहाजवाले हेच करतात, आणि वहिनींना ते शिवणकामातून ठाऊक होतं. शिडं पांढरीशुभ्र दिसत होती, तर त्यांनी कापड चहाच्या पाण्यात बुडवून काढलं. दहा मिनिटांत शीड दोनशे वर्षांचं झालं. पुढं शाळेतले एक सर आले. ते कॉलेजात एनसीसीच्या नौदल शाखेत होते. तिथं शिप मॉडेलिंगची स्पर्धाच असते, नुसती ठेवायची जहाजं, शिडाची जहाजं आणि मोटारीवर चालणारी जहाजं अशी वेगवेगळी. आणि शेवटी हिंजवडीला नोकरी करणारी आमची लेक आली, म्हणजे बी विंगची, पण आता आमचीच. रिमोट, बॅटरी, सर्व्हो हे खातं तिचं.

मंडळी, आम्ही भांडलोही भरपूर. सगळ्यात मोठं भांडण गुरबेवरून. गुरब म्हणजे मराठा आरमारातलं मोठं लढाऊ जहाज. ते बनवायचं ठरलं, पण कशावरून बनवायचं? त्या काळच्या गुरबेचा बांधकामाचा नकाशा आमच्या हाती नव्हता. कोकणातले कारागीर कागदावर नकाशा काढून जहाज बांधत नसत, माप त्यांच्या हातात आणि डोक्यात असे. खरी गुरब बघावी, तर आंग्र्यांचं आरमार 1756 च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली जळून गेलं. इंग्रजांचा एक तोफगोळा एका जहाजावर पडला, ते पेटलं आणि आग सगळ्या ताफ्यात पसरली. आणि त्या मोहिमेत जमिनीच्या बाजूनं पेशव्यांचं सैन्य इंग्रजांबरोबर होतं, हे वाचताना आजही घास अडकतो.

उरलं काय, तर वर्णन. रॉबर्ट ऑर्म नावाच्या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकारानं ते लिहून ठेवलंय. गुरबेला बहुधा दोन डोलकाठ्या, काहींना तीन. तीनवाली सुमारे तीनशे टनांची, दोनवाली दीडशे टनांपर्यंत. लांबीच्या मानानं रुंद, पुढं निमुळती होत गेलेली, नाळ चोचीसारखी बाहेर आलेली, आणि त्या चोचीवरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत त्याहून लहान, जास्तीत जास्त सत्तर टनांचं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की गलबतं गुरबेला दोर लावून ओढत नेत.

एवढ्यावरून आकार काढायचा. सर म्हणत तीन डोलकाठ्या, बँकवाले म्हणत दोन, मी म्हणे पुरावा दाखवा. तीन रविवार लाकडाला हात लागला नाही. शेवटी काका म्हणाले, "दोनवाली करू. चुकली तर तिसरी लावता येते, काढता मात्र येत नाही." हे वाक्य आमच्या खोलीत आता भिंतीवर लिहिलेलं आहे.

गुरब तरंगते का, हे बघायला पाणी हवं होतं. पवनेत सोडायची तर जलपर्णीत अडकणार. तेव्हा वहिनींना आठवला आपला विसर्जनाचा हौद. वर्षातून दोन-तीन दिवस बाप्पा, आणि उरलेले दिवस पार्किंगमध्ये उलटा. समितीची रीतसर परवानगी घेतली, अर्ज दिला, पोच घेतली. पहिल्या फटक्यात गुरब आडवी झाली. वर डोलकाठ्यांचं वजन, खाली काही नाही. मग कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडून चाक बॅलन्स करायची शिशाची वजनं आणली, तळाशी चिकटवली, आणि ती उभी राहिली. बी विंगच्या लेकीनं एका गलबतात मोटार बसवली होती. त्या गलबतानं दोर लावून गुरबेला हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेलं, ऑर्मनं लिहिलंय तसं. हौदाभोवती तीस-चाळीस पोरं होती. त्यातली किती पुढं इतिहासाचा पेपर नीट लिहितील ठाऊक नाही, पण वारा पडल्यावर लढाई कशी चालायची हे त्यांना आता कोणी शिकवायला नको.

आता जे सांगायचं आहे ते थोडं जड आहे.

काकांचं स्वतःचं एक जहाज चालू होतं, त्रिंकोमाली. हे जहाज आपल्या मुंबईचं. जमशेटजी बमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानात बांधलं, 12 ऑक्टोबर 1817 ला पाण्यात उतरवलं. त्याचे नकाशे इंग्लंडहून निघाले, पण ज्या जहाजातून येत होते ते जहाज वाटेत अमेरिकन युद्धनौकेनं हरवलं आणि नकाशे गेले. मग दुसरी प्रत आली. हे जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय. दोनशेहून जास्त वर्षं! काका म्हणायचे, "सागवान बघायचा असेल तर तिथं जा." वाडियांच्या पारशी रिवाजाप्रमाणे कण्याचं लाकूड ठेवताना त्यात रुप्याचा खिळा ठोकत, जहाजाचं भलं व्हावं म्हणून. त्रिंकोमालीच्या कण्यातही तो ठोकला होता.

2021 च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, काका गेले. त्या महिन्यात आपण कोणीच कोणाच्या दारात जाऊ शकलो नाही. चार माणसं खांद्याला मिळाली नाहीत. सोसायटीच्या ग्रुपवर दोनशे लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली, आणि प्रत्येकाला कळत होतं की हे पुरेसं नाही.

दिवाळीनंतर काकूंनी मला बोलावलं. पलंगाखालून खोकं काढलं. त्यात त्रिंकोमालीचा कणा आणि सगळ्या फासळ्या उभ्या केलेल्या होत्या, प्रत्येक फासळीवर पेन्सिलीनं नंबर. वरच्या फळ्या बसवायच्या राहिल्या होत्या. काकू म्हणाल्या, "तुम्ही लोक पुरं करा." मी खोकं गच्चीवर आणलं. आम्ही सगळे ते बघत बसलो, पण हात लावायला कोणी धजेना. कारण मंडळी, फळ्या एकदा लावल्या की फासळ्या झाकल्या जातात. काकांचं सगळं काम फासळ्यांत होतं. आम्ही ते पुरं करायचं म्हणजे आमच्या कामानं त्यांचं काम कायमचं झाकायचं. आणि पुरं नाही करायचं, तर काकूंनी सांगितलेलं मोडायचं.

त्यावर बरेच रविवार गेले. मग सरांनी एक जुनी रीत सांगितली. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडात जहाजांच्या प्रतिकृती करताना खालच्या फासळ्या मुद्दाम उघड्या ठेवत, म्हणजे आतलं बांधकाम बघणाऱ्याला दिसे. आम्ही काकूंना जाऊन विचारलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "एका बाजूला तुम्ही लावा. एक बाजू त्यांची राहू दे."

तसंच केलं. उजव्या बाजूला आमच्या फळ्या आहेत, सहा जणांच्या हातच्या, आणि जाणकाराला सहा हात वेगवेगळे ओळखू येतील. डावी बाजू उघडी आहे. कण्याला पॉलिश करताना पुढच्या भागात काहीतरी चमकलं. बघतो तर टाचणीएवढं रुपं. काकूंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "माझ्या पैंजणाची कडी तुटली होती, ती मागून नेली होती त्यांनी. कशाला ते सांगितलं नव्हतं." ते जहाज आज इथं टेबलावर काचेच्या पेटीत ठेवलंय. जेवायला जाताना जरूर बघा, आणि डाव्या बाजूनं बघा.

मंडळी, ही सगळी हौस आहे, यातून पैसा मिळत नाही. पण हौसेला कमी लेखू नका. कोथरूडला भाऊ जोशींनी हौसेनं छोट्या आगगाड्या केल्या, त्याचं 1998 मध्ये संग्रहालय झालं, आणि आज शाळेच्या सहली तिथं जातात. आणि 21 मे 2025 ला, कारवारला नौदलात कौंडिण्य नावाचं शिडाचं जहाज दाखल झालं. आपल्या अजिंठ्याच्या लेण्यातल्या चित्रावरून ते बांधलंय, फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्यानं शिवलेल्या. त्याचाही जुना नकाशा नव्हता, फक्त चित्र. गोव्यात केरळच्या कारागिरांनी ते हातानं बांधलं, पण त्याआधी आयआयटी मद्रासमध्ये त्याची छोटी प्रतिकृती करून पाण्यात तपासली. बातमी वाचली तेव्हा आमचे बँकवाले म्हणाले, "म्हणजे त्यांनाही हौद लागला."

मला वाटतं, आपल्या या पट्ट्यात हजारो लोक असे आहेत की ज्यांच्या हातात चाळीस चाळीस वर्षांचं काम साठलेलं आहे. टर्नर, फिटर, वेल्डर, मोल्डर, वाइंडर. कंपनीनं गेटवर कार्ड काढून घेतलं, हातातलं काम कोणी काढून घेतलेलं नाही. घरात बसून ते विचारलं जात नाही इतकंच. आपल्याला एकमेकांची नावं आधीपासून माहीत होती. ओळख झाली ती समोरच्याचे हात काय जाणतात हे कळलं तेव्हा. काकांच्या बाबतीत मला सतरा वर्षांनी कळलं, आणि त्यानंतर फक्त साडेतीन वर्षं मिळाली.

म्हणून दोन विनंत्या करतो आणि थांबतो. पहिली कार्यकारिणीला. पंचवीस वर्षं झाली, आज ना उद्या पुनर्विकासाची चर्चा निघेल. बिल्डर जिम देईल, क्लबहाउस देईल, गच्चीवर बागही देईल. तेव्हा आर्किटेक्टच्या नकाशात दहा बाय बाराची एक खोली मागून घ्या, एक भक्कम टेबल, एक शेगडा आणि चांगला उजेड एवढंच हवं. जहाजंच करायची असं नाही, ज्याला जे येतं ते त्यानं तिथं करावं.

दुसरी विनंती तुम्हा सर्वांना. रविवारी नऊ ते एक खोली उघडी असते. मशीन लावत नाही, हातकरवतीनं काम चालतं, आणि भुसा आम्हीच भरतो, तक्रार नसावी. काही येत नसेल तरी या, दोऱ्याला मेण लावायला माणूस लागतोच. पोरांनो, तुम्हीसुद्धा या. यंदाच्या दिवाळीत विजयदुर्ग करायचं ठरलंय आणि चार गलबतं कमी पडताहेत.